कोकण-गोव्यातल्या घराचा पुराचा विमा: घ्यायचा कसा, दावा करायचा कसा

‘पुराचा विमा’ अशी वेगळी पॉलिसी मागायला गेलात तर ती बहुधा मिळणार नाही. आपल्याकडे पुराचं संरक्षण घराच्या विम्यातच असतं, आणि घराचा विमा हा मूळचा आगीचा विमा. त्यामुळे अनेकांना वाटतं, आपल्या घराला कुठली आग लागतेय? आणि ते पॉलिसी घेतच नाहीत. बँकेनं गृहकर्जाबरोबर लावून दिलेली पॉलिसी काहींच्या कपाटात असते, पण तिच्यात पूर आहे हे त्यांना ठाऊक नसतं. दोघांचंही नुकसान होतं.

किनारपट्टीवर पाणी एकाच बाजूनं येत नाही. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्या शहरात शिरल्या, त्यात पावसाचा जोर होता तशी भरतीही होती. खाडी भरलेली असली की नदीला पाणी टाकायला जागा उरत नाही, ते मागे फुगतं. महाडात सावित्रीचं तेच होतं. अलिबाग-श्रीवर्धनकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं कौलं आणि पत्रे उडवले आणि पाणी घरात वरून आलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला काही वाड्यांमध्ये समुद्रच अंगणात येतो. या प्रत्येक पाण्याकडे पॉलिसी वेगळ्या नजरेनं बघते.

सरकारी मदतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक हिशेब बघावा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये आहेत. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. राज्य सरकार कधी यात भर घालतं. पण नुसता फ्रिज, गिरणी, पलंग आणि वायरिंग बदलायचं म्हटलं तरी हे पैसे पुरत नाहीत.

आधी आपलं पाणी ओळखा

जलसंपदा विभागाच्या पूररेषा नगरपालिकेत किंवा नगररचना कार्यालयात बघायला मिळतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपलं घर कुठल्या रेषेच्या आत आहे ते नकाशावर पाहा. मग शेजारच्या जुन्या माणसाला विचारा की २००५ ला पाणी कुठवर होतं, २०२१ ला कुठवर. जोत्यापासून किती फूट, ते टेपनं मोजून लिहून ठेवा. कुठल्या वस्तू खालच्या मजल्यावर ठेवायच्या आणि सामानाचा विमा किती काढायचा, हे याच आकड्यावरून ठरतं.

विम्याच्या अर्जात आधीच्या नुकसानाबद्दल विचारतात. खरं सांगा. पूर येऊन गेलेल्या घरालाही विमा मिळतो, फार तर हप्ता वाढतो. लपवलेला पूर मात्र दाव्याच्या वेळी उघड होतो, कारण पंचनाम्याची नोंद तलाठ्याकडे असते. तेव्हा पॉलिसीच हातची जाते.

कागद: कोकणातली खरी अडचण

घर कोकणात, घरमालक मुंबईत आणि घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, हे चित्र घरोघरी दिसतं. विमा घेताना कोणी फारसं विचारत नाही, अर्ज सहज होतो. दावा आला की पहिला प्रश्न: हे घर तुमचं आहे याचा पुरावा काय? नुकसान ज्याचं होतं त्यालाच भरपाई, हा विम्याचा पाया आहे.

म्हणून आधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा असेसमेंट उतारा, शहरात असाल तर मालमत्ता पत्रक काढा. त्यावर वारसांची नावं लागलेली नसतील तर लावून घ्या. घर सामाईक असेल तर पॉलिसी एकाच्या नावानं काढताना बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र घ्या आणि त्याची प्रत कंपनीला अर्जासोबतच द्या. भावाभावांत वाद असेल तर हे कागद गोळा करायला वर्ष लागू शकतं, म्हणून हे काम आधी. गोव्यात मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, घराची जमीन भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावावर असते. तिथे घराची घरपट्टी आणि मुंडकार म्हणून असलेली नोंद, दोन्ही जपून ठेवा. भाड्यानं राहणाऱ्यानं इमारतीचा विमा काढू नये. त्यानं फक्त आपल्या सामानाचा काढावा.

वर्षातले सात-आठ महिने घर बंद असेल, किंवा दोन खोल्या पर्यटकांना देत असाल, तर हे अर्जातच लिहा आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या. होमस्टे हा धंदा आहे. घर म्हणून घेतलेल्या पॉलिसीत तो न सांगता चालवला तर दाव्याच्या वेळी तीच अडवणूक होते.

कुठली पॉलिसी मागायची

नाव लक्षात ठेवा: भारत गृह रक्षा. विमा नियामक आयआरडीएआयनं ठरवून दिलेली ही ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावीच लागते आणि मूळ अटी सगळीकडे सारख्याच. तुलना करायची ती हप्त्याची, सेवेची आणि वरून जोडून मिळणाऱ्या संरक्षणाची. दुसरं कुठलं आकर्षक नाव पुढे केलं तर इतकंच विचारा: वादळ, पूर आणि जलमय होणं यात आहे का, आणि ते शेड्यूलवर (पॉलिसीसोबतच्या तपशिलाच्या पानावर) कुठे लिहिलंय? जुन्या धाटणीच्या आगीच्या पॉलिसीतून हा भाग काढून हप्ता कमी करता येत असे, वादळ-पुराच्या या भागाला एजंट इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एसटीएफआय’ म्हणतात. दुकानांच्या पॉलिसीत हे आजही तपासून बघावं.

गृह रक्षात पुरासोबत वादळ, त्सुनामी, वीज, भूकंप, दरड आणि जमीन खचणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सारं येतं. शिवाय अशा आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीही. पुराच्या रात्री घर उघडं टाकून निघावं लागतं, तेव्हा या सात दिवसांची किंमत कळते. पोलिसांत तक्रार मात्र लगेच नोंदवायला हवी.

खाली दुकान आणि वर घर अशी रचना बाजारपेठांत सर्रास असते. गृह रक्षात दुकानाचा माल येत नाही. विक्रीसाठी पडवीत ठेवलेल्या आंब्याच्या पेट्या आणि काजूची पोतीही नाहीत. त्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही वेगळी पॉलिसी आहे, एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती चालते. गाडी यांपैकी कशातच नाही. तिला वाहनाचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमाच हवा, नुसत्या थर्ड पार्टीत बुडालेल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही.

विम्याची रक्कम: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

घराची बाजारभावानं किंमत धरू नका. तिच्यात जमीन आलेली असते आणि जमीन पुरात वाहून गेली तरी विमा तिचे पैसे देत नाही. धरायचा तो आज तेच घर पुन्हा बांधायचा खर्च: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर. दर गावातल्या दोन गवंड्यांना आणि एका इंजिनिअरला विचारा. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर आणि लाकडी वासे असलेल्या घराचा दर आरसीसीच्या घरापेक्षा वेगळा असतो, आणि चांगलं लाकूड असेल तर तो कमी नसतो.

उदाहरण घेऊ. ९०० चौरस फूट घर, दर २,२०० रुपये, म्हणजे १९ लाख ८० हजार. गडगा (आवाराची दगडी भिंत) आणि गेट १ लाख २० हजार. सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी ६० हजार. गच्चीवरचा सोलर बंब ४० हजार. एकूण २२ लाख. ही शेवटची तीन कामं लोक हमखास विसरतात, आणि पुरात पहिला आडवा होतो तो गडगाच. ती अर्जात नावानिशी लिहा. विहीर, तिचा कठडा आणि पंपघर असेल तर तेही लिहा आणि शेड्यूलमध्ये उमटलंय ना ते बघा.

सामानाची वेगळी यादी न देताही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामान या पॉलिसीत आपोआप येतं. वरच्या घराला ४ लाख ४० हजार. तळमजल्यावर सगळा संसार असेल आणि तो यापेक्षा जास्तीचा असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिने आणि इतर मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं ऐच्छिक कलम आहे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक नग १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. रोख रक्कम आणि कागदपत्रं मात्र विम्यात नाहीत, ती माळ्यावर.

या पॉलिसीच्या दोन गोष्टी खरोखर ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. पहिली, विमा रक्कम दिवसागणिक वाढत जाते, वर्षाला १० टक्क्यांच्या हिशेबानं. १ मेला पॉलिसी सुरू झाली आणि २२ जुलैला पूर आला, तर २२ लाखांवर सुमारे ४९ हजार आधीच चढलेले असतात. दुसरी, कमी रकमेच्या विम्याचा दंड इथे नाही. इतर पॉलिसींत ४० लाखांच्या मालमत्तेचा २० लाखांचाच विमा असेल तर ४ लाखांच्या नुकसानाला २ लाखच हाती येतात. गृह रक्षात तशी कपात होत नाही. तरीही वरची मर्यादा विमा रकमेचीच राहते, म्हणून हप्त्यात शे-दोनशे वाचवायला रक्कम पाडू नका.

ढिगारा आणि चिखल उपसायला दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतात. ५ लाखांच्या दाव्याला १० हजार. एका खोलीतला गुडघाभर गाळ काढायलाच किती मजूर लागतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही रक्कम तोकडी वाटेल, आणि ती तोकडी आहेच. इंजिनिअर आणि आर्किटेक्टच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत धरतात. घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या दिवसांच्या दुसऱ्या जागेच्या भाड्याची तरतूदही आहे. ती रक्कम शेड्यूलवर किती लिहिलीय ते घेतानाच बघा.

काय मिळत नाही

समुद्रानं किंवा नदीनं हळूहळू किनारा कापत नेला आणि त्यात जोतं ढासळलं, तर ते पॉलिसीत नाही. उधाणाचं पाणी घरात शिरणं वेगळं आणि धूप वेगळी. भराव टाकून केलेल्या जमिनीचं बसणंही नाही. खाडीकाठचे, पाणथळ बुजवून पाडलेले प्लॉट घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नव्या बांधकामाच्या साध्या तडा आणि निकृष्ट कामामुळे झालेली पडझडही वगळलेली आहे.

वर्षानुवर्षांची ओल, भिंतीतला पाझर, खाऱ्या हवेनं गंजलेल्या सळया, जुन्या कौलांतली गळती, ही देखभालीची कामं. पण वादळानं कौलं उडाली आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर तो वादळाचाच दावा. नुकसान तपासायला कंपनी नेमते त्या सर्व्हेअरला हा फरक दिसावा म्हणून मे महिन्यातला धड छपराचा एक फोटो असू द्या.

झावळ्या, गवत, बांबू, फळ्या किंवा ताडपत्रीच्या भिंती-छपराला विम्याच्या भाषेत कच्चं बांधकाम म्हणतात. मागची न्हाणी किंवा गोठा तसा असेल तर तो विम्यात धरलाय की नाही हे लेखी विचारा.

आणि विजेची उपकरणं. शॉर्ट सर्किटनं जळालेलं यंत्र, ते यंत्र तेवढं, वगळलेलं आहे. पाण्यात बुडालेला फ्रिज पुराचा दावा असतो. तोच फ्रिज दोन दिवसांनी ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू केला आणि जळाला, तर वाद सुरू. बुडालेलं काहीही सुरू करू नका. यात जिवाचाही धोका आहे.

घ्यायचं कधी

एप्रिलमध्ये. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही, आणि वादळाचा इशारा लागल्यावर आलेल्या अर्जावर कंपनी पाहणीचं कारण देऊन थांबू शकते. वार्षिक पॉलिसीची मुदत एप्रिल-मेमध्ये संपेल असं बघा, म्हणजे ऐन जुलैत नूतनीकरण विसरण्याचा प्रश्न येत नाही. १० वर्षांपर्यंतची पॉलिसीही एकदम घेता येते, मुंबईकर घरमालकांना तीच सोयीची.

कर्जासोबतची पॉलिसी असेल तर तीन गोष्टी तपासा: रक्कम कर्जापुरती आहे की पूर्ण बांधकामाची, सामान धरलंय का, आणि मुदत कधी संपते. तिच्यावर बँकेचं नाव असतं, त्यामुळे इमारतीचे पैसे आधी बँकेकडे जातात. सोसायटीत राहत असाल तर सोसायटीची पॉलिसी इमारतीची असते. लिफ्ट, पंप आणि मीटररूम तिच्यात आहेत का ते सेक्रेटरींना विचारा, तुमच्या घरातलं सामान तिच्यात नसतं.

मेमधला एक तास

मोबाइलवर व्हिडिओ चालू करून घरभर फिरा. प्रत्येक खोलीत कपाटं उघडून दाखवा. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टरच्या मागचा मॉडेल आणि सीरियल नंबरचा स्टिकर जवळून टिपा, कारण गाळ बसला की तो स्टिकर पहिल्यांदा जातो. बिलांचे फोटो काढा. हे सगळं क्लाउडवर टाका आणि पुरापासून दूर राहणाऱ्या एका नातेवाइकाला पाठवा. पॉलिसी नंबर आणि कंपनीचा दाव्याचा फोन नंबर दारामागे न चिकटवता, फोनमध्ये ठेवा.

पाणी ओसरल्यावर

पहिलं काम मेन स्विच बंद आहे याची खात्री. दुसरं, कंपनीला कळवणं. फोन करा, दाव्याचा नंबर घ्या, आणि तोच मजकूर ईमेलवरही पाठवा: पॉलिसी नंबर, पत्ता, पाणी कधी शिरलं, किती फूट चढलं, कधी ओसरलं. नेटवर्क नसेल तर मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाला कळवायला सांगा. भरलेला दावा अर्ज नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांत जायला हवा.

मग, झाडू हातात घेण्याआधी, भिंतीवरची पाण्याची रेघ. चिखलाची ती तपकिरी रेघ हा तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे आणि पाइपनं पाणी मारलं की दहा मिनिटांत नाहीशी होते. जमिनीपासून रेघेपर्यंत टेप उभी धरा आणि आकडा वाचता येईल इतक्या जवळून फोटो घ्या. मग दोन पावलं मागे येऊन तीच टेप आणि अख्खी खोली एका फोटोत. प्रत्येक खोलीत हेच. बाहेरच्या भिंतीवर घर नंबरासह एक.

नंतर प्रत्येक वस्तू आहे त्या जागेवर. फ्रिज पाण्यावर तरंगून आडवा पडलेला असेल तर तसाच. प्लायवूडचं कपाट फुगून कसं पाकळ्यांसारखं सुटलंय, ते कडेनं दाखवा. सागवानी कपाट बहुतेक वाचतं, त्याला सावलीत वाळवा, उन्हात तडकतं.

साफसफाई करायला विमा अडवत नाही. उलट नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे. गाद्या आणि धान्य कुजायला लागतं, रोगराईची भीती असते, नगरपालिकेचे डंपर दोन दिवसांत कचरा उचलून नेतात. फेकायलाच हवं ते फोटो काढून, यादी करून आणि कंपनीला आधी एक ईमेल टाकून फेका. यंत्रं, मोटर आणि दारं-कपाटं मात्र सर्व्हेअर येईपर्यंत अंगणात का होईना, ठेवा.

तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा घरी माणूस हवा. पाण्याची उंची, वस्तूंची नावं आणि भिंतीची पडझड त्यात लिहून घ्या आणि सहीची प्रत मागा. सरकारी मदत घेतल्यानं विम्याचा दावा बुडतो ही अफवा आहे, दोन्हीसाठी अर्ज करा.

उपकरणाचं दुरुस्तीपत्र मेकॅनिककडून घेताना बिघाडाचं कारण नीट लिहिलेलं असावं. ‘पुराच्या पाण्यात बुडाल्यानं मोटर आणि सर्किट निकामी’ हे खरं असेल तर तसंच. सवयीनं मेकॅनिक ‘शॉर्ट’ असा एकच शब्द खरडतो आणि वगळलेल्या कलमाकडे बोट दाखवायला जागा करून देतो. बांधकामाचं अंदाजपत्रक एकरकमी नको: प्लास्टर किती चौरस फूट, लाद्या किती, वायरिंगचे किती पॉइंट, दर काय, असं मोडून.

सर्व्हेअर आणि त्यापुढे

आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा आहे. अख्खं शहर बुडालेलं असताना उशीर होतो, पण या मुदती माहीत असल्या की पाठपुरावा ठाम करता येतो. कागद नाहीत एवढ्याच कारणानं दावा फेटाळायला त्याच परिपत्रकानं मनाई केली आहे. बिलं वाहून गेली असली तरी मेमधला व्हिडिओ, बँकेचं स्टेटमेंट आणि दुकानदाराकडची बिलाची दुसरी प्रत चालते.

सर्व्हेअर आले की त्यांच्यासोबत खोली-खोली फिरा, यादीची एक प्रत हाती द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. न दिसणारं नुकसान बोलून दाखवा: भिंतीतली वायरिंग, गाळानं भरलेला सेप्टिक टँक, विहिरीतला पंप. त्यांनी काय कमी केलं ते समजायला अहवालाची प्रत मागा. ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर सही करण्याआधी आकडा तपासा. तो मान्य नसेल तर हरकत आधी लेखी नोंदवा.

पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं समाधानकारक नसेल तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीनं नकार दिल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो. अर्जासोबत पॉलिसी, कंपनीचं नकाराचं पत्र, पंचनामा आणि टेपसकट काढलेले ते रेघेचे फोटो जोडा.